प्ले स्टोअरबाहेरचं ॲप टाकताना फोन कुठे कुठे अडवतो, आणि तिथे काय करायचं

पूर्वी हे काम एकदम सोप्पं होतं. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जायचं, 'अननोन सोर्सेस' नावाचं एकच बटण ऑन करायचं आणि पाहिजे ती एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, टाकायची. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 आलं तेव्हा ते बटण गेलं आणि तेव्हापासून दर एकदोन व्हर्जननंतर एकेक नवीन दार बसत गेलंय, त्यामुळे आज कोणी विचारलं की "ॲप इन्स्टॉलच होत नाहीये, काय करू?" तर एका ओळीत सांगता येत नाही, आधी उलट विचारावं लागतं की बाबा स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय ते सांग. कारण अडवणारे वेगवेगळे आहेत. अँड्रॉइड स्वतः अडवतं, फोन कंपनी आपलं वेगळं अडवते, प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गुगलची फोनमधली ॲप-तपासणी, आणखी वेगळं, आणि कधीकधी तर कोणीच अडवत नसतं, फाइलच तुमच्या फोनसाठी बनलेली नसते.

यूट्यूबवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि बहुतेक सगळे एकच सांगतात, प्ले प्रोटेक्ट बंद करा, हे ऑफ करा, ते ऑफ करा, झालं. तसं करू नका. जे दार अडवतंय तेवढंच उघडायचं, तेवढ्याच ॲपसाठी, आणि काम झालं की परत लावून टाकायचं. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आयफोनवाल्यांचं आधी उरकून घेतो. भारतात आयफोनवर ॲप स्टोअरबाहेरचं ॲप टाकायचा सरळ रस्ता नाही. ऑल्टस्टोअरसारख्या जुगाडाने फुकटच्या ॲपल अकाउंटवर एका वेळी 3 ॲप ठेवता येतात आणि त्यांची सही 7 दिवसांनी संपते, मग पुन्हा कंप्युटरशी गाठ घालून ताजी करायची. युरोपियन युनियनमध्ये कायद्यामुळे मार्च 2024 पासून, म्हणजे आयओएस 17.4 पासून, बाहेरचे स्टोअर चालतात, पण त्यासाठी तुमच्या ॲपल अकाउंटचा देशही तिथलाच लागतो, नुसतं म्युनिकला राहून अकाउंट भारताचं ठेवलं तर नाही चालत. आता पुढचं सगळं अँड्रॉइडचं.

फाइल आली कुठून

हा भाग कंटाळवाणा वाटतो पण खरं सगळं इथेच ठरतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि एकदा ते ॲप फोनमध्ये बसलं की पुढचं अपडेट त्याच सहीचं असेल तरच फोन घेतो. म्हणजे दुसऱ्या वेळेपासून राखण फोन स्वतः करतो, पहिल्या वेळची राखण मात्र तुम्हाला करायची असते. पहिली फाइलच बनावट असेल तर पुढची सगळी अपडेट त्या बनावटवाल्याची, आणि फोन ती आनंदाने घेणार.

म्हणून फाइल घ्यायची ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून, गिटहबवरच्या (प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ती साइट) त्याच्या रिलीज पानावरून किंवा एफ-ड्रॉइडवरून. एफ-ड्रॉइड 2010 पासून चालू आहे, तिथे फक्त ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही बघता येतो अशी, ॲप असतात आणि बहुतेक ॲप ते स्वतः सोर्स कोडपासून बनवतात. गुगलवर शोधलं की पहिल्या पानावर 'प्रो मॉड अनलॉक्ड' वाल्या साइट येतात, त्यांच्या वाटेला जाऊच नका, कारण मॉड केलेल्या, म्हणजे भलत्याच कोणीतरी आतून बदललेल्या, ॲपची मूळ सही तुटलेली असते आणि नवीन सही कोणाची हे कोणालाच माहीत नसतं. भारतात आणखी एक पर्याय म्हणजे फोनपेवाल्यांचं इंडस ॲपस्टोअर, फेब्रुवारी 2024 मध्ये आलं, मराठीत पण चालतं, पण प्ले स्टोअरवर न मिळणारं काही शोधायला गेलात तर बहुतेक वेळा एफ-ड्रॉइड किंवा गिटहबवरच यावं लागतं.

डाउनलोडच्या पानावर शा-256 नावाचा लांबलचक आकडा, म्हणजे त्या फाइलचा ठसा, दिलेला असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड देऊन जुळवून बघा. पण एक लक्षात घ्या, आकडा आणि फाइल दोन्ही एकाच पानावर असतील तर त्यावरून फक्त डाउनलोड अर्धवट राहिलं नाही एवढंच कळतं. पानच कोणी बदललं असेल तर तो आकडाही बदलेलच ना.

आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके? ती टाकायचीच नाही, विषय संपला. 'आरटीओ ई-चलान', 'पीएम किसान', लग्नपत्रिका, बँकेची केवायसी, नाव काहीही असो. खरं चलान एसएमएसने येतं आणि परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून बघता येतं, त्यासाठी ॲप लागत नाही. लग्नपत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते, तिच्या नावाच्या शेवटी डॉट एपीके असेल तर समोरच्या काकांचा फोन आधीच गेलेला आहे असं समजा आणि त्यांना फोन करून सांगा.

पहिलं दार: कोणत्या ॲपमधून टाकताय

उदाहरण म्हणून एफ-ड्रॉइडचंच ॲप घेऊ. क्रोममध्ये त्यांच्या साइटवर जाऊन डाउनलोड दाबलं की क्रोम म्हणतं फाइल हानिकारक असू शकते, तरी डाउनलोड करायचं का. ही सूचना प्रत्येक एपीकेला येते, त्यातून त्या फाइलबद्दल वेगळं काही कळत नाही. डाउनलोड झाल्यावर ओपन दाबलं की एक छोटी चौकट येते, तुमच्या सुरक्षिततेसाठी या सोर्सवरून अनोळखी ॲप टाकायला परवानगी नाही. खाली दोनच बटणं, कॅन्सल आणि सेटिंग्ज. सेटिंग्ज दाबा, समोर क्रोमचं नाव आणि एकच स्विच, 'अलाउ फ्रॉम धिस सोर्स'. तो ऑन करा, बॅक या, इन्स्टॉल दाबा.

इथे लोक अडकतात ते असं की एफ-ड्रॉइड बसलं, मग त्यातून दुसरं ॲप टाकायला गेले की पुन्हा तीच चौकट येते आणि वाटतं की आत्ताच तर परवानगी दिली. ती क्रोमला दिली होती. अँड्रॉइड 8 पासून ही परवानगी फोनला नसून जे ॲप दुसरं ॲप टाकतंय त्याला असते, त्यामुळे क्रोमला वेगळी, फाइल मॅनेजरला वेगळी, एफ-ड्रॉइडला वेगळी. ही फार चांगली गोष्ट आहे खरं तर. एफ-ड्रॉइड बसलं की लगेच क्रोमची परवानगी काढून टाका आणि एफ-ड्रॉइडची तेवढी राहू द्या, म्हणजे उद्या चुकून कुठल्या जाहिरातीवर बोट पडून फाइल उतरली तरी ती बसणार नाही. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, जीमेल यांना तर ही परवानगी कधीच नको.

ती काढायची जागा शोधायला प्रत्येक कंपनीने मेनू वेगळा केलाय, म्हणून रस्ता पाठ करत बसू नका, सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये 'अननोन' टाइप करा, फोन मराठीत असेल तर 'अज्ञात'. यादीतून कोणाकोणाला परवानगी आहे ते एकदा बघाच, बऱ्याच जणांच्या फोनमध्ये चारपाच ॲपना दिलेली निघते आणि कधी दिली ते आठवत पण नाही.

एक खूण इथेच सांगून ठेवतो. तुम्ही टाकलेलं एखादं साधं ॲप, म्हणजे पत्रिका, चलान, पीडीएफ रीडर वगैरे, उघडल्या उघडल्या 'अपडेट करा' म्हणालं आणि ही अनोळखी ॲप टाकायची परवानगी स्वतःसाठी मागू लागलं, तर ते त्याच क्षणी काढून टाका. फसवणुकीची बरीच ॲप अशीच चालतात, पहिलं ॲप नुसतं टरफल असतं आणि खरं विष ते नंतर स्वतः आत आणतं.

सॅमसंग, शाओमी आणि ऑफिसचा फोन

सॅमसंगवर स्विच ऑन करायला गेलात आणि तो करडा दिसला, दाबलाच जात नाही, तर ऑटो ब्लॉकर चालू आहे. 2024 च्या वन यूआय 6.1.1 (सॅमसंगचं स्वतःचं सॉफ्टवेअर) पासून नवीन फोन सेटअप करतानाच तो ऑन होऊन येतो. सेटिंग्ज, मग सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, मग ऑटो ब्लॉकर, तिथे ऑफ करा, ॲप टाका, परत ऑन करा. आधी बसलेली ॲप त्यामुळे जात नाहीत. पण ऑन असताना एफ-ड्रॉइडची अपडेटही अडतात आणि यूएसबी केबलवरून येणाऱ्या कमांडही अडतात, तेव्हा नेहमी बाहेरची ॲप वापरणाऱ्याला तो ऑफच ठेवावा लागतो. आईवडिलांच्या फोनवर मात्र त्याला हातही लावू नका, त्यांच्यासाठीच तो बनवलाय म्हणा ना.

शाओमी, रेडमी, पोकोवर फोनवरून टाकताना त्यांचा स्वतःचा सिक्युरिटी स्कॅन मध्ये येतो, तो जाऊ द्यायचा. पण केबलवरून टाकायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शनमध्ये (ते कसं उघडायचं ते खाली केबलच्या भागात) 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' वेगळं ऑन करावं लागतं, आणि त्यासाठी शाओमीचं अकाउंट लॉगिन आणि फोनमध्ये सिम कार्ड पाहिजे. सिम नसलेल्या जुन्या फोनवर प्रयोग करणारे इथे डोकं आपटत बसतात.

ऑफिसने दिलेला फोन किंवा वर्क प्रोफाइल असेल आणि ॲडमिनने बंद केलंय असं येत असेल तर प्रश्न मिटला, आयटीवाल्यांना विचारा. अँड्रॉइड 16 मध्ये ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन म्हणून जो मोड आलाय तो तुम्ही ऑन केला असेल तरी बाहेरची ॲप बंदच राहतात.

प्ले प्रोटेक्ट

याचे दोन प्रकार ओळखायला शिका, कारण दिसायला दोन्ही सारखेच दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे हे ॲप आधी कधी पाहिलेलं नाही, स्कॅन करायचं का. ऑक्टोबर 2023 पासून गुगलने अनोळखी ॲपचा कोड जागच्या जागी तपासायला सुरुवात केली आणि ती सगळ्यात आधी भारतातच केली. इथे स्कॅन करू द्या, थोडा वेळ लागतो, नीट असेल तर ॲप बसतं. कधी सावध करतं आणि खाली 'मोर डिटेल्स' मध्ये 'इन्स्टॉल एनीवे' लपवलेलं असतं. तुम्हाला फाइलचा उगम नक्की माहीत असेल, उदाहरणार्थ ॲप फार जुनं आहे म्हणून ते कुरकुर करतंय, तर पुढे जा.

दुसरा प्रकार म्हणजे सरळ ब्लॉक. पर्यायच नाही, फक्त ओके. हे फेब्रुवारी 2024 मध्ये सिंगापूरला सुरू झालं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये गुगलने भारतासाठी जाहीर केलं. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप जर एसएमएस वाचणं, एसएमएस घेणं, नोटिफिकेशन वाचणं किंवा ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची आणि तुमच्या जागी बटणं दाबायची परवानगी) यातलं काही मागत असेल तर ते आपोआप अडवतं. का, तर ओटीपी चोरायला याच चार गोष्टी लागतात. आता एसएमएसचा बॅकअप घेणारं एखादं प्रामाणिक ओपन सोर्स ॲपही यात सापडू शकतं हे खरंय, पण तेव्हा प्ले प्रोटेक्ट बंद करण्यापेक्षा ते ॲप एफ-ड्रॉइडच्या ॲपमधून किंवा खाली सांगितलेल्या केबलच्या रस्त्याने टाका. ब्लॉक आला आणि ॲपला एसएमएसचं काही कामच नाही, वॉलपेपर नाहीतर पत्रिकेचं ॲप आहे, तर गुगलचे आभार माना.

आणि एखादा माणूस फोनवर बोलत बोलत तुम्हाला प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगत असेल तर कॉल कट करा. गंमत म्हणजे आता कॉल चालू असताना अँड्रॉइड ते बंद करूच देत नाही, आणि अँड्रॉइड 16 मध्ये कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्या नंबरशी बोलत असताना पहिल्यांदाच बाहेरचं ॲप टाकणं किंवा ॲक्सेसिबिलिटी देणं पण अडवतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

'ॲप इन्स्टॉल झालं नाही', एवढंच

सगळ्यात वैताग आणणारा मेसेज, कारण कारणच सांगत नाही. बहुतेक वेळा पुढच्यापैकी काहीतरी असतं.

तेच ॲप आधीपासून आहे पण सही वेगळी. प्ले स्टोअरवरचं टर्मक्स (फोनवर कमांड चालवायचं ॲप) आहे आणि वरून एफ-ड्रॉइडचं टाकायला गेलात की हेच होतं, एफ-ड्रॉइड बहुतेक ॲपवर स्वतःची सही करतं. जुनं काढून नवीन टाकावं लागतं आणि काढलं की आतला डेटा जातो, तेव्हा आधी ॲपमधून एक्सपोर्ट करून घ्या. कधीकधी काढलं तरी तेच येतं, तेव्हा फोनमधल्या दुसऱ्या युजरमध्ये, सेकंड स्पेसमध्ये किंवा वर्क प्रोफाइलमध्ये ते अजून असतं, तिथूनही काढा.

नवीन व्हर्जनवर जुनं टाकताय. चालत नाही, काढूनच टाकावं लागतं.

प्रोसेसरची फाइल चुकली. गिटहबवर एकाच रिलीजमध्ये चारपाच फाइल असतात. सध्याच्या जवळजवळ सगळ्या फोनना 'आर्म 64' लिहिलेली, जुन्या किंवा अगदी स्वस्त फोनना 'व्ही 7 ए' वाली, आणि 'एक्स 86' वाली एम्युलेटरसाठी, म्हणजे कंप्युटरवर चालवलेल्या अँड्रॉइडसाठी. कळत नसेल तर 'युनिव्हर्सल' घ्या, साइज मोठी असते पण कुठेही चालते.

फाइलच अर्धी आहे. ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवरच्या नवीन ॲपना बंडल फॉरमॅट सक्तीचा झाला, म्हणजे एका ॲपचे तुकडे असतात, स्क्रीनसाठी वेगळा, भाषेसाठी वेगळा. मित्राच्या फोनमधून फक्त मुख्य एपीके काढून आणली तर ती बसत नाही, बसली तर उघडल्यावर पडते. एक्सएपीके किंवा एपीकेएस अशा नावाने जे येतं त्यात सगळे तुकडे एकत्र बांधलेले असतात आणि ते टाकायला वेगळं इन्स्टॉलर ॲप लागतं.

ॲप फार जुनं आहे. अँड्रॉइड 14 पासून जे ॲप अँड्रॉइड 6 च्याही आधीच्या नियमांवर बनलंय ते बसतच नाही, अँड्रॉइड 15 मध्ये ही रेषा अँड्रॉइड 7 वर आणली. मालवेअरवाले मुद्दाम जुने नियम दाखवून परवानग्यांचं बंधन चुकवायचे म्हणून हे केलं, पण त्यात बिचारे जुने गेम आणि जुने शब्दकोश पण गेले. यावर केबलचाच इलाज आहे.

बसलं, पण परवानगी देता येत नाही

अँड्रॉइड 13 पासूनची ही भानगड. ॲप बसलं, उघडलं, ते म्हणतं ॲक्सेसिबिलिटी ऑन करा, तुम्ही तिथे जाता तर ॲपचं नाव करडं, त्यावर दाबलं की 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' अशी चौकट. आता ॲपच्या इन्फो पानावर जा, वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं, त्यात 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज'. फोनचा पिन मागेल. मग परत ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ऑन करा. गोम अशी की आधी त्या करड्या नावावर दाबून ती चौकट आणल्याशिवाय तीन टिंबांत हा पर्याय दिसतच नाही, म्हणून लोक म्हणतात माझ्या फोनमध्ये नाहीच आहे. आहे, आधी एकदा नकार घेऊन या.

पण हे दार उघडायच्या आधी मनाशी विचारा की या ॲपला ॲक्सेसिबिलिटी हवी कशाला. ती दिली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या जागी बटणं दाबता येतात, यूपीआयच्या ॲपमध्ये पण. बटणांची कामं बदलून देणारं ॲप असेल तर समजू शकतो. टॉर्चच्या ॲपला नाही.

केबलचा रस्ता

कंप्युटर असेल तर हा रस्ता शिकून ठेवा, एकतर काम होतं आणि झालं नाही तर खरं कारण कळतं. गुगलच्या डेव्हलपर साइटवरून 'प्लॅटफॉर्म टूल्स' ची झिप घ्या, त्यातच एडीबी हे कंप्युटरवरून फोनला कमांड देणारं साधन असतं, आणि एका फोल्डरमध्ये उघडा. फोनमध्ये अबाउट फोनमधल्या बिल्ड नंबरवर 7 वेळा दाबा, शाओमीत तो ओएस व्हर्जनच्या ओळीवर असतो, मग डेव्हलपर ऑप्शनमध्ये यूएसबी डिबगिंग ऑन करा. केबल लावा, फक्त चार्जिंगवाली नको, डेटावाली. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून आधी एडीबी डिव्हायसेस ही कमांड द्या, फोनवर या कंप्युटरला परवानगी द्यायची का असं येईल, हो म्हणा. यादीत फोनचा नंबर दिसला की एडीबी, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस आणि फाइलचं नाव, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत.

'सक्सेस' आलं तर झालं. नाही आलं तर एक ओळ येते आणि तीच कामाची. 'अपडेट इनकम्पॅटिबल' म्हणजे सहीचा घोळ, 'व्हर्जन डाउनग्रेड' म्हणजे जुनं व्हर्जन, 'नो मॅचिंग एबीआयज' म्हणजे प्रोसेसर चुकला, 'युजर रिस्ट्रिक्टेड' म्हणजे शाओमीचं ते वरचं बटण राहिलं, 'डेप्रिकेटेड एसडीके' म्हणजे ॲप फार जुनं. या शेवटच्यासाठी इन्स्टॉल शब्दानंतर दोन डॅश देऊन 'बायपास लो टार्गेट एसडीके ब्लॉक' असे शब्द, मध्ये स्पेसऐवजी डॅश टाकून, जोडायचे की बसतं.

काम झालं की यूएसबी डिबगिंग बंद करा, आणि शक्यतो डेव्हलपर ऑप्शनच पूर्ण बंद. ते चालू दिसलं की काही बँकांची ॲप उघडतच नाहीत आणि माणूस उगाच त्या नवीन टाकलेल्या ॲपवर संशय घेतो. उलटंही होतं, काही ॲप स्वतः तपासतात की आपण प्ले स्टोअरमधून आलोय का, आणि नसेल तर 'प्लेवरून घ्या' असं पान दाखवून थांबतात. तिथे आपला इलाज नाही, ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

अपडेटचं पण बघा. बाहेरून टाकलेलं ॲप प्ले स्टोअर बहुधा अपडेट करत नाही, तेव्हा एफ-ड्रॉइडचं एफ-ड्रॉइडवर आणि गिटहबचं ऑब्टेनियम नावाच्या ॲपने करा, ते थेट रिलीजच्या पानावर लक्ष ठेवतं.

पुढे काय येतंय

ऑगस्ट 2025 मध्ये गुगलने जाहीर केलं की प्ले सर्व्हिसेस (गुगलचं फोनमध्ये आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर) असलेल्या फोनवर यापुढे ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील, मग ती कुठूनही घ्या. म्हणजे बनवणाऱ्याने आपलं खरं नाव, पत्ता, फोन गुगलला देऊन ॲपचं नाव आणि सही नोंदवायची. वेळापत्रक दिलं ते असं, सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि 2027 पासून पुढे बाकी जग, म्हणजे आपणही. एफ-ड्रॉइडवाले यावर चांगलेच खवळले, कारण तिथे शेकडो लोक फुकट ॲप बनवून देतात आणि त्यातल्या अनेकांना आपली ओळख गुगलला द्यायचीच नाहीये. बरीच ओरड झाल्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये गुगलने सांगितलं की जाणकार लोकांसाठी इशारे देऊन तरीही टाकू देणारा एक वेगळा रस्ता ठेवू, आणि विद्यार्थी, हौशी लोकांसाठी साधं अकाउंट देऊ.

आपल्याकडे यावर एकदा निकाल झाला होता हे फार जणांना माहीत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला 1337.76 कोटींचा दंड केला तेव्हाच्या आदेशात बाहेरून ॲप देण्यावर बंधनं घालू नका असंही एक कलम होतं, पण मार्च 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून ते कलम रद्द केलं. दंड राहिला आणि आपल्या कामाचं तेवढं गेलं.

मला स्वतःला हे ओळखीचं प्रकरण पटत नाही. ओटीपी चोरणारा उद्या भाड्याच्या आधारवर नोंदणी करेल, पण कॉलेजातला पोरगा ज्याने गावच्या बसचं टाइमटेबल दाखवणारं ॲप बनवलं तो फॉर्म बघूनच सोडून देईल. तरी सध्या घाबरून काही करायची गरज नाही. केबलवरून एडीबीने टाकणं चालूच राहील असं गुगलने म्हटलंय, लिनेजओएससारखं वेगळं अँड्रॉइड टाकलेल्या, प्ले सर्व्हिसेस नसलेल्या फोनला हा नियम लागत नाही, आणि तुम्ही रोज वापरता त्या बाहेरच्या ॲपच्या एपीके आजच एका फोल्डरमध्ये, व्हर्जनचं नाव घालून, जपून ठेवल्यात तर नंतर शोधाशोध करावी लागणार नाही.